तसबिरीमागचं भोक

पप्पा,

रविवारी होडी न्यायला येणाऱ्या भंगारवाल्याला आधी फोन करून नको म्हणून सांगा. होडी कुठून गळते ते सापडलं.

आठ वर्षं तुम्ही बाहेरून शोधत होतात. आज मी नळी लावून आतच घोट्यापर्यंत पाणी भरलं आणि बाहेरून तळाकडे बघत बसले. शेजारचे दोवकाका कुंपणावरून म्हणाले, "सिगाल, समुद्र बाहेरच्या बाजूला असतो गं!" तेवढ्यात पुढच्या टोकाशी एक थेंब फुटला. डिमोनाच्या वाळवंटी उन्हात तो असा काही चमकला, की दोवकाका कुंपण ओलांडून आत आले.

आत त्याच जागी आपल्या रक्षणकर्त्या संदेष्ट्याची, एलियाहू हन्नाबींची तसबीर. होडीच्या रक्षणासाठी तुम्हीच मारलेला स्क्रू आरपार गेलाय. मान राखायचा म्हणून ती कुणी कधी हलवलीच नाही.

पाणी आणि स्क्रू काढून, वाळवून, दोन्ही बाजूंनी फायबरग्लासचं कापड आणि रेझिन लावलंय. उद्यापर्यंत हात लावू नका. लावणार, माहितीये.

मी बसने बेर्शेब्याला, तिथून लष्कराच्या छावणीत.

तसबीर तिथेच आहे, या वेळी चिकटवून. एवढं भोक पाठीशी घेऊन त्यांनी आठ वर्षं आपल्याला बुडू दिलं नाही, पप्पा. त्यांना भंगारात कसं द्यायचं?

सिगाल