तांदळाच्या पिठातला पाय

४ डिसेंबर, सोमवार

तक्रार दिली! पोलिसात! अंगठा नाही उठवला, सही केली.

झालं असं — वाळूचे ट्रक नदी खरवडतात, हे मी पंचायतीत सगळ्यांसमोर बोलले. तर ट्रकमालकाचा माणूस बाजारात आडवा आला. "अज्जी, घरात नवा नातू आलाय ना? जपा हं." गोड हसला मेला. ते हसणं डोळ्यांपुढून जातच नाही. फौजदार म्हणाले, चौकशी करू. माझा ईरण्णा, बाळाचा बाप, ऐकून पांढरा पडला. "अव्वा, मागे घे." मी म्हटलं, हट्!

नातू आज चाळीस दिवसांचा. एरंडेल चोळलं की पाय असे ताणतो — राजाच जणू!

६ डिसेंबर, बुधवार

पोलीस नाहीत.

७ डिसेंबर, गुरुवार

सकाळी रांगोळी घालून गोठ्यात गेले. परत येते तर मधोमध कुणाचा तरी पाय उमटलेला! उंबऱ्यावर बाळाचं टोपडं — फाडलेलं. कालच वाळत घातलं होतं मी.

पण पाय अनवाणी! भीती घालायला आला नि चपला काढून आला! रांगोळीत चपलेनं कोण जाईल? आधी हसू आलं, मग रडू. बोटं चारच. करंगळी नाही.

फौजदार फोनवर म्हणाले, "झाकून ठेवा, फोटोवाला पाठवतो." परात पालथी घातली. पण तांदळाचं पीठ ते, मुंग्यांसाठीच घालायचं. म्हणून भोवती हळदीची रेघ ओढली. मुंग्यांनो, आज उपास करा गं!

९ डिसेंबर, शनिवार

फोटोवाला नाही. मी देवळात सगळ्यांची बोटं मोजतेय. पुजारी म्हणाला, "अज्जी, देव वर बसलाय, खाली काय शोधतेस?"

कडी वाजली की बाळाला पदराखाली घेते. ईरण्णा जेवत नाही. "आता तरी मागे घे, अव्वा."

११ डिसेंबर, सोमवार

फोटोवाला उद्या नक्की येतो, फौजदार म्हणाले.

दुपारी तेल चोळताना बाळाचा पाय शेजारच्या पिठाच्या सुपात पडला. बोटं उठली — चार. करंगळी शेजारणीवर चढून बसलेली. याचा बाप, माझा ईरण्णा, असाच. रोज ओढून सरळ करायची मी. झाली नाही कधी.

ईरण्णाला काही बोलले नाही. तक्रारही मागे घेणार नाही.

परात उचलली. हळद पुसली. या गं बायांनो, पोटभर खा.