एजंटने आधी विचारलं

गुरुवार, संध्याकाळ. नाहूर, ऑफिसात

जमलं! एजंटने आज आधी विचारलं, अंदाजाने हात लावला नाही.

चेंबूरच्या क्लायंटने शेवटची संधी दिली होती. त्यांचा एआय एजंट, म्हणजे स्वतःहून कामं उरकणारा प्रोग्राम, आमच्या सर्व्हरवर अंदाजाने काम करायचा. दोनदा साइट बंद पाडली त्याने. सर्व्हरला काय जमतं, कशाची परवानगी नाही, हे सांगणारं टूल आम्ही दिलंय. पण एजंट ते वापरतच नव्हता. का? माझ्या टीममधल्या शुभदाने एजंटसाठी त्या टूलची माहिती तर चोख लिहिली होती, 'हे टूल सर्व्हरच्या क्षमता दर्शवते.' चूक काढायला जागाच नाही.

दुपारी ती नवऱ्याला फोनवर झापत होती. "अरे, मशीन लावायच्या आधी नळ सोडून बघ. पाणी नसेल तर लावू नकोस, मला फोन कर. अंदाजाने बटण दाबू नकोस रे!"

मी कान टवकारले. कधी बघायचं, नसेल तर काय करायचं, कोणाला विचारायचं, सगळं आलं की! टूलच्या आमच्या माहितीत यातलं काहीच नव्हतं.

"शुभदा, हेच लिही."

"काय सर, वॉशिंग मशीनचं?"

लिहिलं तिने, 'काहीही करण्याआधी या टूलला विचार; परवानगी नसेल तर थांब आणि माणसाला विचार.' चार वाजता क्लायंटसमोर चाचणी झाली. एजंटने आधी टूलला विचारलं, रीस्टार्टची परवानगी नाही हे कळल्यावर थांबला आणि माणसाला विचारायला आला. क्लायंट म्हणाले, "झकास! काम तुमच्याकडेच राहू दे. हे लिहिलं कोणी?"

'मी' अगदी जिभेवर होतं. खोटं कशाला लिहू, होतंच. पण शुभदाकडे बोट दाखवलं. वाटलं, लाजेल. ती म्हणाली, "सर, मग त्या माहितीच्या वरती माझं नाव टाका ना."

टाकलं. ठळक अक्षरांत.