बिरड्यातलं मीठ

आई, यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी तुझी धाकटी लेक दोन्ही मुलांना घेऊन बदलापूरहून आली आणि आपल्या अंबरनाथच्या हॉलमध्ये जुने पेपर पसरून सगळे वाल सोलायला बसले. मोड आलेला वाल कोमट पाण्यातून काढून चिमटीत दाबला की दाणा सुळकन उडतो, आणि तो पातेल्यात पडण्यापेक्षा भावाच्या कानावर पडला तर जास्त मजा येते, हे मुलांना पाच मिनिटांत कळलं. त्यांना शिकवत होती माझी मुलगी. तू तिला शिकवलंस तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता एकवीस संपतील. मी दाराशी उभा राहून बघत होतो आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. तुला जाऊन दहा वर्षं झाली. त्या वर्षीच्या बिरड्यातल्या मिठाबद्दल तुला एक सांगायचं राहून गेलंय.

मलाही तूच शिकवलंस, सोनिवलीच्या घरात, गणपतीच्याच सुट्टीत. आगऱ्याचा मुलगा चुलीपाशी बसलेला बघून शेजारणी हसायच्या. तू म्हणायचीस, "बायको येल तवा येल, पोट तं आताच हाय ना?" मी दहा वर्षांचा असेन. बिरडं रटरटतंय, खोबऱ्याचा आणि आमसुलाचा वास सुटलाय, आणि मी पळी चाटतो. तू मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. ते आख्खं पातेलं उतरवून बाजूला ठेवलंस आणि उरलेल्या वालांचं पुन्हा बिरडं केलंस. आरती दुपारी दोनला झाली आणि बाबा उपाशीपोटी माझ्याकडे बघत बसले. "देवाच्या आधी जीभ नाय लावाची," एवढंच तू बोललीस. मग मीठ कळायचं कसं, असं मी विचारलं तेव्हा माझा तळवा उघडून त्यात मीठ ठेवलंस. "हाताला इचार. हात इसरत नाय." आणि मीठ टाकलं की बरणी लगेच खिडकीत ठेवायची, ही तुझी दुसरी शिस्त. बरणी ओट्यावर म्हणजे मीठ बाकी, खिडकीत म्हणजे टाकून झालं. सोनिवलीचं घर गेलं, तिथे सात मजले उभे राहिले, पण अंबरनाथच्या या स्वयंपाकघरातही तुझी बरणी ओटा ते खिडकी अशीच फिरत राहिली.

त्या वर्षी मी तुझ्यावर पाळत ठेवून होतो. हा शब्द वाईट आहे, पण दुसरा सापडत नाही. श्रावणात दोनदा दूध उतू गेलं. एकदा तू कुकर पाण्याशिवाय चढवलास. एका संध्याकाळी मी कंपनीतून आलो तर गॅस चालू, ज्योत विझलेली, आणि तू आत शांतपणे नातीची वेणी घालत होतीस. मी गॅस बंद करून खिडक्या उघडल्या. त्या दिवसापासून मला कामावर धड लक्ष लागेना. तू स्वयंपाकघरातून निघावंस असं मला वाटायला लागलं होतं आणि ते तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. तुझ्यापुढे माझी हिंमत कधीच नव्हती, हे तुला माहीत आहे.

गणपतीच्या दिवशी हिची हॉस्पिटलात सकाळची ड्यूटी होती. नैवेद्याला आपण तिघंच, तू, मी आणि माझी मुलगी. तू तिला मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवत होतीस आणि तिचे मोदक कुणी बसल्यासारखे चपटे होत होते. तू हसत होतीस, ती हसत होती. मी तिला गॅलरीत बोलावून हळूच सांगितलं, "आजी हल्ली विसरते. मिठाकडे तू लक्ष ठेव." नऊ वर्षांच्या पोरीला मी तुझ्यावर पहारेकरी बसवलं. मग तू आरतीसाठी साडी बदलायला आत गेलीस.

जेवायला धाकटी होती, तिचा नवरा होता, तिच्या सासरची चार माणसं होती. पहिल्या घासालाच सगळे पाणी प्यायला लागले. शेवटी धाकटीच म्हणाली, "आई, मीठ पुढे गेलंय गं." तू चाखलंस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू आधी खिडकीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "बरनी तं खिरकीत हाय. म्हनजे मी टाकलाय. मंग परत कशी टाकीन?" आणि मी, ज्याला त्या शिस्तीतलं सगळं माहीत होतं, तो सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, तुझ्या लक्षात राहत नाही आता. पुरे झालं. उद्यापासून गॅसला हात लावू नकोस." तू ताटात हात धुतलास. सणाच्या ताटात हात धुताना मी तुला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

चार वाजता पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होतो. मुलगी येऊन शेजारी उभी राहिली. "पप्पा, मीठ मी टाकलं. तू बोललेलास ना, आजी विसरते." किती टाकलंस, विचारलं. तिने तुझ्यासारखा तळवा उघडून दाखवला. दोन वेळा. "चाखलं का नाहीस?" "आजी बोलते नैवेद्याचं चाखायचं नाही." आणि बरणी? आजीने विसरून तिथे ठेवली असेल म्हणून ती तिने खिडकीतून काढली आणि मीठ टाकून पुन्हा खिडकीत ठेवली, तू शिकवलं होतंस तशी. तुझं सगळं तिने बरोबर केलं होतं. चूक माझ्या सांगण्यात होती. तू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, दहा पावलांवर. मी मुलीला म्हणालो, "आजीला सांगू नकोस. झालं ते झालं." ती म्हणाली, "पण आजीला वाईट वाटलं." मी नळ जोरात सोडला.

मला वाटलं होतं, बरंच झालं, गॅसचा घोर मिटला. मिटलाच. तू पुन्हा ओट्याशी आली नाहीस. पण तू तिथेच थांबली नाहीस, आई. तू स्वतःवरचा विश्वासच सोडलास. गोळी हातात धरून विचारायचीस, ही मी घेतली का रे? जेवून उठल्यावर विचारायचीस, मी जेवले का? एकदा गॅलरीतल्या खुर्चीत बसून विचारलंस, "मी लय इसरते का रे?" त्या दिवशी तुला खरं सांगता आलं असतं. मी "हो" म्हणालो. दीड वर्षाने तू गेलीस. डॉक्टरांनी कारण दुसरं लिहिलं, पण मला जे वाटतं ते वाटतं.

यंदा माझी मुलगी मुलांना म्हणाली, "मीठ टाकलं की चाखायचं." धाकटी लगेच म्हणाली, "अगं, नैवेद्याचं चाखत नाहीत." मुलगी म्हणाली, "आमच्याकडे चाखतात." त्यावर धाकटी हसली आणि मुलांना सांगायला लागली, "तुमची आजी कधी चाखायची नाही. म्हणून तर एका वर्षी तिने बिरड्यात दोनदा मीठ टाकलं, सगळे नुसते पाणी पितायत." मुलं खिदळली. माझ्या मुलीने वर बघितलं, माझ्याकडे. बारा वर्षं तिने माझा शब्द पाळलाय. मी खाली बसलो आणि वाल सोलायला लागलो.

आई, तू मीठ एकदाच टाकलं होतंस. हे पत्र खरं तर धाकटीला लिहायला हवं. ती बदलापूरला आहे, रिक्षाने अर्धा तास. फोन तर समोरच पडलाय. तुला लिहितोय, कारण तू मला काही विचारणार नाहीस.