लेकासाठी झावळी

प्रिय मार्था, प्रभू येशू घरावर हात ठेवो.

मी किहीमच्या बंगल्यावर राखणीला बरा आहे. फोन बंद, म्हणून चिठ्ठी अनंता रिक्षावाल्याकडे देतो.

दुपारी वादळात कौलं उडाली. मी घाबरलो. वादळात जाळायला तू दिलेली, फादरनी आशीर्वाद दिलेली झावळी जाळली आणि प्रार्थना केली. इथला वारा पडला.

मग रेवदंड्याहून अनंता आला. म्हणाला, “काका, तुमच्या जेरोमची होडी अजून आली न्हाय.”

मी माझ्याच जिवासाठी सगळी जाळली गं. लेकासाठी तुकडाही ठेवला नाही. देव परत ऐकेल ना?

तुझा गुडघा कसा आहे? जेवलीस का? घाबरू नकोस. घरच्या क्रुसामागची झावळी लगेच जाळ. नाव जेरोमचं घे, माझं नको.

तुझा,
इनास