तापट माणसाला गरीब घोडा देऊ नये

प्रिय दादा,

एवढं लांबलचक पत्र माझ्याकडून आलेलं बघून तू दचकशील. आजवर तुला माझी जी पत्रं आली ती ह्यांनी समोर बसून लिहून घेतलेली, चार ओळींची, सगळं क्षेम आहे म्हणणारी. हे पत्र मात्र माझं एकटीचं आहे. हे बद्रीनाथबरोबर बैल बघायला गेलेत, उद्या संध्याकाळपर्यंत येत नाहीत, म्हणून चुलीपुढं पाट घेऊन सावकाश लिहिते आहे. बद्रीनाथ कोण, ते पुढं सांगतेच. माझ्या सरूचं लग्न त्याच्याशी ठरत आलंय आणि मला ते होऊ द्यायचं नाही. एवढं आधीच लिहून टाकते, नाहीतर लांबण दिसली की तू निम्मं सोडून देतोस.

छावणीतली आपली पागा मला अजून दिसते. पोलीस ॲक्शन झाली, निजामाची फौज मोडली आणि तिच्यातले घोडे लिलावात निघाले. बाबांनी त्यातले जमतील तेवढे आणून दावणीला बांधले, तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता. पण गिऱ्हाईक टिकलं ते तुझ्यामुळं. बाबा घोड्याचे भोवरे दाखवायचे, दात दाखवायचे, तो कुठल्या रिसाल्यात होता ते रंगवून सांगायचे. तू घोड्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतास. गिऱ्हाइकाच्या हातात दोर द्यायचास आणि म्हणायचास, "जरा हौदावर पाणी पाजून आना." लोकांना वाटायचं, सोनाजी आळशी आहे, स्वतःचं काम आपल्याकडून करून घेतो. तू मात्र गवताच्या गंजीला टेकून बघत असायचास. घोडा पाणी पितापिता मध्येच मान वर करतो, ओठांवरून पाणी गळू देतो, इकडंतिकडं बघतो आणि मग पुन्हा तोंड घालतो. कुणी तेवढा वेळ उभा राहतो, कुणी हळू शीळ घालतो, कुणी झालं समजून दोर ओढतो, तर कुणी हिसका देतो. तेवढ्यावरून तू माणूस ओळखायचास आणि कुणाला कुठला घोडा द्यायचा ते ठरवायचास. गुलमंडीतले ते कापडवाले शेटजी आठवतात? स्वतःच्या सावलीला बिचकणारे, आणि हवा होता पांढराशुभ्र तरणा घोडा. तू त्यांना तोफा ऐकून निबर झालेली तपकिरी घोडी दिलीस. म्हणालास, भित्र्याला भित्रं घोडं दिलं तर दोघं मिळून उडत्या कागदाला घाबरतील. शेटजी तुझ्यावर रुसले, आणि पुढं त्या घोडीला घरचं माणूस म्हणायला लागले. मी तुला चिडवायचे की दादा घोडे विकत नाही, सोयरिकी जुळवतो.

तापट माणसाच्या बाबतीत मात्र तुझं आणि बाबांचं कधी जमलं नाही. बाबांचं म्हणणं, अशाला गरीब घोडा द्यावा, म्हणजे कुणी पडायचं नाही आणि आपल्या दारात भांडण यायचं नाही. एकदा तू खरारा हातातून खाली टाकलास आणि म्हणालास, "तापट मानसाला गरीब घोडं देऊ नये, बाबा. ते मार खातं, उलटून काई करत नाय, आन् त्या मानसाला मग चटक लागते. त्याला अंगावर येनारं घोडं द्यावं, नायतर देऊच नये." मी तेव्हा गूळ आणि कणीक मळत होते, हरणीसाठी. मला तुझं बोलणं लई शहाण्यासारखं वाटलं होतं. आपल्या दादाला सगळं कळतं, असं वाटण्याचं ते वय होतं.

हे आले ते त्याच हरणीसाठी. हरणी तुला आठवते का, असं विचारून तुझा अपमान करत नाही. एवढी गरीब घोडी आपल्या दावणीला दुसरी नव्हती. लहान मूल पोटाखालून गेलं तरी पाय हलवायची नाही. हे ऐटीत आले होते, जरीचा फेटा, बरोबर तात्यासाहेब, माझे सासरे व्हायचे होते ते. मी स्वयंपाकघराच्या झरोक्यातून बघत होते. हौदावर हरणीनं मान वर केली, ह्यांनी दोर हिसकला, ती गोंधळून मागं सरली, तर ह्यांनी दोराचा दुमडा तिच्या तोंडावर मारला. एकदा नाही. तू चालत गेलास, दोर काढून घेतलास आणि म्हणालास, "ही घोडी इकायची नाय." तात्यासाहेब मोठी किंमत बोलले, बाबा सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, पण तू हरणीच्या गळ्यात हात टाकून उभा राहिलास. त्या दिवशी मला तुझा केवढा अभिमान वाटला, दादा! रात्री मी तुला भाकरीवर जास्तीचं लोणी वाढलं होतं.

त्याच तात्यासाहेबांकडून दिवाळीनंतर मला मागणी आली. जमीन, विहीर, गावात मान, सगळं चांगलं होतं. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या धामधुमीत वयात आलेली पोर घरात ठेवायची सगळ्यांनाच धास्ती होती, हे मलाही समजतं, म्हणून बाबांना मी दोष देत नाही. बैठकीत मध्यस्थ म्हणाले, पोरगा जरासा तापट आहे, पण पोरगी गरीब आहे, सांभाळून घेईल, जोडा झकास जमेल. सगळ्यांनी माना हलवल्या. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता दादा बोलेल. तू सुपारी कातरत होतास, ती कातरत राहिलास. लग्नात पंगती तूच वाढल्यास, माझा निरोप घेताना तूच सगळ्यांत जास्त रडलास. इतकी वर्षं मी ह्या एका गोष्टीवर विचार केला आहे. तुझ्या मनात वाईट नव्हतं. घोड्याचं पारखायचं असतं आणि बहिणीचं जमवायचं असतं, एवढंच आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी राग येतो, दादा. आज तो लिहून टाकते, कारण पुन्हा लिहायला मिळेल की नाही कोण जाणे.

मागच्या भाऊबीजेला तू विचारलंस की वच्छी, तू मान तिरकी करून का ऐकतेस. मी म्हटलं, डाव्या कानात पाणी गेलंय. पाणी गेलेलं नाही. त्या कानानं मला सरूच्या जन्माआधीपासून ऐकू येत नाही. मनगट विहिरीच्या पायरीवर पडून मोडलं असं मी सांगितलं होतं, तेही तसं मोडलेलं नाही. तुला ते तेव्हाच कळलं होतं. घोड्याच्या पायावर सूज कशानं आली हे तू लांबून ओळखतोस, माझं मनगट तर तुझ्या हातात होतं. तू ओवाळणीचं लुगडं दिलंस, चहा घेतलास, आणि शेवटची बस चुकेल म्हणून उठलास. ह्यांनी तुला फाट्यापर्यंत पोचवलं, किती गोड बोलत होते!

हरणी मिळाली नाही म्हणून ह्यांनी बाजारातून दुसरा घोडा आणला होता, भुऱ्या. तोही गरीबच शोधून आणला, दादा, तुझं म्हणणं किती खरं होतं बघ. पहिली दोन वर्षं मला ह्या घरात त्याचाच आधार होता. मी त्याला कोंडा घालायला जायचे आणि जरा जास्त वेळ तिथंच थांबायचे. ह्यांच्या वहाणा वाजल्या की भुऱ्या कान मागं टाकत नसे, पाय आपटत नसे, नुसता थिजायचा. त्याला बघून मला कळलं की मीही अशीच थिजते. तो तिसऱ्या वर्षी गेला. कसा गेला ते लिहीत नाही, घोड्याचे हाल तुला ऐकवत नाहीत. माणसांचे ऐकवतात.

आता सरूचं. ती माझ्यावर गेली नाही, हा देवाचा उपकार. सातवी पास झाली, मास्तरांशी वाद घालून पहिली आली, आणि तिला दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायचंय. मनात येईल ते तोंडावर बोलते. गेल्या पंचमीला ह्यांनी माझ्यावर हात उचलला, तर मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता मला मारून दाखवा." त्यांनी दाखवलं. दुसऱ्या दिवशीपासून स्थळ बघायला लागले. गावातल्या बायका मला समजावतात, पोरगी तिखट हाय, तिला नवरा खमक्याच पायजे, वठणीवर आनंल. म्हणजे आम्हाला गरीब होतो म्हणून तापट, आणि तिला तापट आहे म्हणून तापट. घोड्याला एवढा अडाणी सौदा कुणी करत नाही.

बद्रीनाथ ह्यांच्याच बरोबरीचा, वयानं नाही पण संगतीनं. चांगली तिशी उलटलेली. पहिली बायको विहिरीत पडून गेली, असं म्हणतात. पाय घसरला, असं म्हणतात. बघायला आला तो घोडीवरून आला. मी मुद्दाम सांडूला निरोप दिला, पाहुण्यांना सांग, हौदात ताजं पाणी भरलंय, घोडीला पाजून घ्या. सांडू म्हणजे आमच्या वाडीवरचा म्हातारा धनगर, सरूला अंगाखांद्यावर खेळवलेला. आम्ही दोघंही बघत राहिलो. बद्रीनाथनं हिसका दिला नाही, दादा. सगळे बघत होते ना. हसून घोडीच्या मानेवर थोपटत होता, शीळही घालत होता. पण घोडी पाणीच पीत नव्हती. उन्हातून कोसभर आलेली, तोंडाला फेस, पुढ्यात गार पाणी, आणि ती त्याच्या हाताकडं बघत नुसती उभी. तिच्या ओठांच्या कोपऱ्यांना जुने घट्टे होते, दोन्ही बाजूंना. मग त्याला आत चहाला बोलावलं. तो ओसरीवर चढला, सांडूनं दोर धरला आणि तिनं हौदात तोंड घातलं ते थेट नाकपुड्यांपर्यंत. सांडू मला एवढंच म्हणाला, "वैनी, पोर देऊ नगा." ह्यांना तो हे बोलला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला गाव सोडावं लागलं असतं. मी ह्यांना बोलले. माझं बोलणं कुठपर्यंत चालतं ते तुला आता वेगळं सांगायला नको. सरूनंही नाही म्हटलं, तेव्हा दोन दिवस तिला कोठीत बंद ठेवलं. येत्या गुरुवारी सुपारी फोडायची आहे.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टपाल ह्यांच्या हातात पडतं. तुझ्या हातात हे पत्र, खळीनं चिकटवून बंद केलेलं, सरूनंच दिलं असेल. पहाटे ती सांडूबरोबर निघेल. त्याला छावणीच्या बाजारात बकऱ्या न्यायच्यात, तो तिला हर्सूलवरून तुझ्या दारापर्यंत सोडेल. तिला मी सांगितलंय की मामाला बरं नाही, चार दिवस मामीच्या हाताखाली राहा आणि सुपारीला मामाला घेऊनच ये. खरं सांगितलं असतं तर मला सोडून तिनं उंबरठा ओलांडला नसता, तेवढी मी तिला ओळखते. तिच्या पिशवीत तळाशी माझी पाटली आहे आणि तिचा शाळेचा दाखला. चार दिवसांसाठी आई एवढी लुगडी का घालतेस, असं ती मला विचारत होती. ती परत यायची नाही, हे तिला आता तू सांगायचं आहेस. रडेल, भांडेल, वहिनीलाही काहीबाही बोलेल, तिला सांग मनावर घेऊ नको म्हणावं. हे परवापर्यंत तुझ्या दारात येतील. गावात कितीही वाघ असले तरी शहरात चार माणसांसमोर ह्यांचा आवाज चढत नाही, तेव्हा बोलणं पागेतच कर, माणसं असताना कर, आणि ह्या वेळी सुपारी कातरत बसू नको. माझं काय, हा विचार मनात आणू नको आणि मला न्यायला येऊ नको. मला निघता आलं असतं, सांडू म्हणालाही, पण हे रिकाम्या हातानं परततील तेव्हा घरात कुणीतरी असायला हवं. कुणीच नसलं तर हे पुन्हा तिच्याच मागं निघतील.

तुझीच,
वच्छी