वाडगाभर पाणी

१२ दलव
रशियन उद्या जाणार! सबूर अंधारात त्यांच्या ठाण्यावरून धावत आला, बूटसुद्धा काढले नाहीत. त्यांच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली एक जागा आहे. एकच.

‘मी नाही जात,’ म्हणाला.

‘जात नाहीस तर काय करशील? इथे बसून मरशील?’ मीच ओरडले. पकडलेल्या माणसांना रशियन जे जे विचारायचे ते याच्या तोंडून. दुभाष्याचं काम पोटासाठी केलं, पण लोकांना आठवतो तो आवाज याचाच ना! रशियन गेले की डोंगरातले मुजाहिद खाली उतरणार, आणि पहिलं दार आमचं वाजणार.

ट्रक मझारला जाणार. तिथे अजून सरकार आहे, त्याची बहीण आहे. सासूबाईंचं कंबरडं मोडलेलं, त्यांना या थंडीत हलवता येत नाही. म्हणजे मी इथेच. महिनाभर तो ठाण्यातच राहतोय, गल्लीत कुणाला दिसलेला नाही; लोकांना सांगायचं, सबूर महिन्यापूर्वीच काबूलला गेला. खरं कळलं तर वाटेतल्या खिंडीत ट्रक अडवून त्याला खाली ओढतील.

मला भीती वाटते.

१३ दलव
गेला.

पहाटे मागच्या वाटेने ठाण्यात गेला. उजाडल्यावर ताफा आमच्या दारावरून निघाला. बर्फ पडत होतं. ताडपत्रीच्या फटीतून रशियन टोपी दिसली, टोपीखाली त्याचं नाक. तेवढंच.

आतून सासूबाई — ‘पाणी टाकलंस का त्याच्या मागे? टाक आधी! नाही टाकलंस तर परत यायचा नाही तो.’ चौरंगाखाली निखारे ठेवलेल्या संदलीच्या रजईत पाय घालून पडलेल्या, पण हुकूम सोडायला आवाज खणखणीत!

मी वाडगा भरला, धावले, ट्रकच्या मागे रस्त्यावर पाणी ओतलं. आईने माझ्या भावामागे असंच टाकलं होतं. हाताला सवयच आहे. वर पाहिलं तर शेजारच्या शिरीनगुल खाला छतावर, हातात बर्फ ओढायचं फावडं. माझ्याकडे बघत होत्या. हसल्या नाहीत.

घरात आले आणि मग डोक्यात उजेड पडला. सबूर ट्रकमध्ये आहे हे खालांना कुठे ठाऊक! त्यांनी काय पाहिलं? रशियन निघालेत, आणि दुभाष्याची बायको त्यांच्या मागे पाणी टाकतेय — परत या म्हणून!

अल्ला, काय करून बसले मी!

१४ दलव, शुक्रवार
डोंगरातले आले. हवेत गोळ्या. खालांचा मुलगा करीमदाद त्यांच्यात आहे, दाढी छातीपर्यंत. चौकात लोक गळ्यात पडत होते. मी दाराला पिठाची पेटी लावली.

१५ दलव
कणीक घेऊन गल्लीच्या तंदूरवर गेले. तंदूरवालीने माझं ताट परत सरकवलं. ‘रशियनांच्या मागे पाणी टाकणारीची रोटी माझ्या तंदुरात नको.’ बाकीच्या बायका खाली बघत होत्या. म्हणजे खालांनी सांगितलं.

तव्यावर भाजल्या. सासूबाई म्हणाल्या, चामडं बरं यापेक्षा.

१७ दलव
करीमदाद आला. घरात पुरुष नाही म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बंदूक मात्र आत डोकावत होती.

‘वहिनी, पाणी कुणासाठी होतं?’

खरं सांगू? ट्रक पोचला की नाही तेच ठाऊक नव्हतं. ‘घोड्याने घाण केली होती, धुतली,’ म्हणाले.

‘एवढ्या बर्फात?’

आतून सासूबाई — ‘करीमदाद! तुझा शेंबूड मी पुसलाय रे, माझ्या सुनेला दटावतोस?’

तो हसला. मग हळूच म्हणाला, ‘कमांडरचा हुकूम आहे. शुक्रवारपर्यंत खरं सांगा, नाहीतर घर सोडा.’

सोडून जायचं कुठे? म्हातारीला पाठीवर घेऊन?

१९ दलव
खाला छतावरून उतरून आल्या, थेट माझ्या स्वयंपाकघरात. कपाळ बडवून घेत होत्या.

‘अगं खुळे! सबूर मझारला आहे! लाकडं नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर आला होता, त्याने डोळ्यांनी पाहिला. म्हणजे त्या ताफ्यात होता ना तो? मला सांगता येत नव्हतं? मी पोराच्या मागे इतकी वर्षं पाणी टाकलं, मला कळलं नसतं?’

पोचला! मी तिथेच बसले आणि रडले. खालाही रडल्या. म्हणाल्या, करीमदादला आत्ताच सांगते, तू नवऱ्यासाठी पाणी टाकलंस, त्यात पाप कसलं!

मग ओढणीने नाक पुसत म्हणाल्या, ‘तू घाबरू नकोस. मी ड्रायव्हरजवळ निरोप दिलाय. सबूरला म्हणावं, तुझ्या बायकोला न् आईला शुक्रवारी बर्फात काढतायत, काहीतरी कर.’

हा निरोप मिळाला तर सबूर धावत परत येईल, म्हणून मी ट्रकच्या अड्ड्याकडे पळाले. ड्रायव्हर सकाळीच निघून गेला होता.

२० दलव
मझारकडे जाणारं कुणीच नाही. मुसाफिरखान्यात विचारलं, अड्ड्यावर विचारलं. उलटा निरोप न्यायचा आहे, फक्त तीन शब्द — सबूर, येऊ नकोस. कुणी नेत नाही.

२१ दलव, शुक्रवार
करीमदाद आला. आज अगदी गोड.

‘कमांडर म्हणतात, नवऱ्यासाठी होतं तर काही हरकत नाही. घरातच राहा. पीठ लागलं तर सांगा.’ जाता जाता वळला. ‘पाणी टाकलंय ना, वहिनी? मग येईलच तो. आम्हीही वाट बघतोय.’

चौकात दोघे शेकोटी पेटवून बसलेत. सगळा वेळ त्यांची तोंडं मझारच्या रस्त्याकडे. मी सासूबाईंना काही सांगितलं नाही. त्यांनी आज पोटभर खाल्लं.

२२ दलव
ते पाणी रस्त्यावर गोठलंय, आमच्या दारासमोरच. सुरीने खरवडून काढायला गेले. निघत नाही. वेडी म्हणतील, म्हणू देत!

२४ दलव
सबूर आला. भर दुपारी, चौकातून, सगळ्यांच्या देखत, दोन्ही हात वर करून. ओरडून सांगत होता — माझ्या बायकोला घरात राहू द्या, मी आलोय. शेकोटीवरचे दोघे उठले.

सासूबाई आतून विचारतायत, ‘कोण आलं गं?’

मी अजून सांगितलं नाही.