मोहाच्या दिवसांतली सुट्टी

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयाच्या पुष्कळ पुढे मी आले आहे. तरी तुम्हाला लिहायचं म्हणून आज पदर सारखा करून बसले.

नागपूर राजधानी होती, विधानसभा तिथंच भरायची, तेव्हाची गोष्ट. आपल्या जंगलातल्या गावात शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली आणि तुम्ही. मोह गळू लागला की आम्ही सगळी पोरं पहाटेच फुलं वेचायला रानात. तुम्ही रिकाम्या वर्गात हजेरी घेऊन बसलेले. तपासणीचे साहेब नेमके त्याच दिवसांत येत, आणि मुलं नाहीत, शाळा बंद करा, असं लिहून जात. शेवटी तुमच्या तालुक्याच्या शिक्षक संघानं आमदारांना भेटायचं ठरवलं. जंगलातल्या शाळांना सुट्टी मोहाच्या दिवसांत द्या आणि शाळा चालू ठेवा, एवढंच मागणं. भेटीच्या आदल्या संध्याकाळी, ऐन मोहाच्या दिवसांत, तुम्ही आमच्या अंगणात आलात. यायोला, माझ्या आईला, म्हणालात, "उद्या पोरीले माह्यासंगं वडशाले धाडा. इथची लेकरं काय शिकतात, साहेबाले दिसू द्या."

वडशाच्या डाक बंगल्याच्या ओसरीवर तुम्ही सगळे मास्तर सकाळपासून ताटकळत उभे आहात. आमदारसाहेब जेवून बाहेर येतात, ऐकतात. "सुट्ट्या सगळीकडं एकाच वेळी असतात, गुरुजी. एका जंगलासाठी नियम बदलायचा काय?" तेव्हा तुम्ही मला पुढे करता. साहेब हातातलं वर्तमानपत्र माझ्यापुढे धरतात. मी न अडखळता वाचते. ते खूश होतात. "अरे वा! हिला चांद्याच्या वसतिगृहात घालू. मी सांगतो तिथं."

"साहेब, हिच्यासारखी आणखी आहेत. शाळा राहू द्या."

"देऊन राह्यलो तेवढं घ्या ना, गुरुजी."

संघाच्या चिटणिसांनी मागून तुमचा सदरा ओढला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग खाली पाहिलंत, आणि "बरं, साहेब" म्हणालात. परतताना बैलगाडीत बाकीचे मास्तर खुशीत होते, साहेबांनी निदान ऐकून तरी घेतलं म्हणून. नदी ओलांडल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. मग हळूच म्हणालात, "मी शाळा मागाले गेलो होतो, बाई."

पावसाळ्यात मी चांद्याला गेले आणि शाळा उघडलीच नाही. त्या खोलीत कुणी कुणी शेळ्या बांधू लागले. तुमची बदली सिरोंच्याकडं झाली, तिथल्या तापानं तुम्ही गेलात. मी तेव्हा मास्तरकीचं शिक्षण घेत होते, मला फार उशिरा कळलं. पुढे मीही संघाचं काम केलं, किती आमदारांच्या, मंत्र्यांच्या दारांत उभी राहिले. एकदा एका तरुण मास्तरानं इस्त्रीचे कपडे घातलेली चुणचुणीत मुलगी सोबत आणली होती. मी तिला साहेबांच्या खोलीत जाऊ दिलं नाही. मास्तर चिडला. "बाई, हिला बघून काम झालं असतं." मी म्हटलं, "हिचं झालं असतं."

परवा माझा सत्कार झाला, आणि भाषणात मी पहिलं नाव तुमचं घेतलं. माझा थोरला भाऊ गावाहून आला होता. आम्ही दोघं तुमच्या एकाच वर्गात होतो, हे तुम्हाला आठवत असेल. आता त्याला बसवरची पाटीही वाचता येत नाही. घरी येताना त्यानं विचारलं, "गुरुजीनं मले काऊन नाई नेलं वडशाले?"

मी म्हटलं, "दादा, तू त्या दिवशी रानात होतास."

"होतो ना," तो म्हणाला. "तुह्या वाट्याचा मोह कोन वेचत होता मंग?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. हा कागद तुमचे आभार मानायला घेतला होता, गुरुजी. एवढं लिहिलं, पण आभाराचा शब्द काही हातून उतरत नाही.